मढ्याच्या टाळूवरचे लोणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मरण सर्वांना सारखेच, हे वाक्य कोणत्याही अंत्ययात्रेत तीनदा तरी ऐकू येते. एकदा तिरडी बांधताना, दुसऱ्यांदा चिता पेटल्यावर आणि तिसऱ्यांदा वखारवाल्याशी लाकडांचा हिशेब मिटविताना. पहिल्या दोन वेळी ते तत्त्वज्ञान असते. तिसऱ्या वेळी तो विनोद असतो. मात्र त्याला हसू शकणारा एकमेव मनुष्य तोवर जळून गेलेला असतो.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात आदर्श ग्राहकाचे वर्णन असते. तो भाव पाहतो, चार दुकाने हिंडतो, माल पारखतो आणि न पटल्यास परत फिरतो. अंत्यविधीच्या बाजारातला ग्राहक याच्या नेमका उलट असतो. त्याला खरेदी पुढे ढकलता येत नाही. चार दुकाने हिंडायला वेळ नसतो. घासाघीस करावी तर 'बापाच्या सरणातसुद्धा पैसे वाचवतो' असे खांदेकरीच म्हणतील. आणि ज्याच्यासाठी माल घ्यायचा तो तक्रार करीत नाही. मागणी इतकी निश्चित आणि ग्राहक इतका असहाय, असा दुसरा व्यवहार नाही. आपल्या भाषेत मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा असा एक वाक्प्रचार आहे. तो अतिशयोक्तीचा आहे असे पुष्कळांना वाटते. हे लोणी कोण खातो, कसे खातो आणि त्याला आळा घालण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा इतिहास पाहिला म्हणजे अतिशयोक्ती फारशी उरत नाही.

सम्राटाची काटकसर

प्रारंभ व्हिएन्नापासून करणे सोयीचे, कारण तेथे एका राज्यकर्त्याने खरोखरच मरण सर्वांना सारखे करण्याचा प्रयत्न केला होता. सम्राट दुसरा जोसेफ हा विवेकवादी होता. लोक मृतांवर नाहक खर्च करतात, उत्तम लाकूड जमिनीत कुजवतात, हे त्याला सहन होईना. १७८४ साली त्याने फर्मान काढले की प्रेत कापडी पिशवीत शिवावे, पेटीतून दफनभूमीकडे न्यावे आणि तेथे पिशवी खड्ड्यात सोडून वर चुना टाकावा. पेटी मात्र परत आणावी, कारण ती पुढच्या मृतासाठी लागणार! या पेटीच्या तळाला उघडणारी झडप होती. खटका ओढला की प्रेत खाली आणि पेटी वर. हिला परतीची पेटी म्हणावी लागेल.

हिशेबाच्या दृष्टीने या योजनेत काहीही चूक नव्हती. लाकूड वाचत होते, गरिबाचा खर्च वाचत होता, श्रीमंताचा डामडौल थांबत होता. परंतु लोक खवळले, आणि जी कुटुंबे धड पेटी विकत घेऊ शकत नव्हती तीही खवळली. १७८५ मध्ये सम्राटाला माघार घ्यावी लागली.

या प्रसंगावर हसणे सोपे आहे. पण समता मानणाऱ्यांनी हसण्यापूर्वी थोडे थांबावे. सम्राटाला समता हवी होती, पण ती त्याने वरून खाली सोडली, त्याच्या पेटीतल्या प्रेतासारखी. गरिबाला काय वाटते हे त्याने गरिबाला विचारले नाही. आयुष्यभर पिशवीसारखे वागविले गेलेल्या मनुष्याला निदान अखेरीस पिशवीत जायचे नव्हते, एवढी साधी गोष्ट त्या विवेकवाद्याच्या विवेकात बसली नाही.

प्रेताचा बाजारभाव

व्हिएन्नाच्या सम्राटाने प्रेताचा खर्च कमी करू पाहिला. ब्रिटनमध्ये त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच प्रेत हे उत्पन्नाचे साधन झाले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीरविच्छेदनासाठी प्रेते हवी होती, आणि १७५२ च्या कायद्यानुसार ती मिळत फाशी गेलेल्या खुन्यांची. विद्यार्थी वाढले, खुनी त्या प्रमाणात वाढले नाहीत. मागणी आणि पुरवठा यांत तफावत पडली की काळा बाजार सुरू होतो, हा नियम दफनभूमीलाही लागू पडला. रात्री थडगी उकरून प्रेते विकणारांचा धंदा भरभराटीला आला. ज्यांना परवडे ते नातलगाच्या थडग्यावर लोखंडी पिंजरे बसवीत. गरिबाच्या थडग्यावर पिंजरा कोठला? त्यामुळे बाजारात येणारा माल बहुतेक गरिबाघरचाच असे.

एडिंबरो येथील बर्क आणि हेअर यांनी तर थडगे उकरण्याचे कष्टही वाचविले. हेअरच्या खानावळीत राहणारा एक वृद्ध पेन्शनर चार पौंडांचे भाडे थकवून मेला. वसुली कशी करावी या विवंचनेत दोघांनी त्याचे प्रेत एका शरीरशास्त्रज्ञाकडे नेले, तेव्हा साडेसात पौंड मिळाले. थकबाकी वजा जाता साडेतीन पौंड नफा! मनुष्य जिवंतपणी तोट्यात आणि मेल्यावर फायद्यात, हा शोध लागल्यावर त्यांनी मरणाची वाट पाहणे सोडून दिले. १८२८ या एका वर्षात त्यांनी सोळा माणसे मारून विकली. मारली गेलेली माणसे बहुतेक निराधार, भटकी, कोणी शोध घेणार नाही अशी होती. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी झाली आणि कायद्यानुसार त्याचेही विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाने आजतागायत जपला आहे.

या प्रकारानंतर संसदेने १८३२ चा शरीरविच्छेदन कायदा केला. त्याने थडगी उकरणे थांबले, हे खरे. ते कसे थांबले? अनाथालयांत आणि इस्पितळांत मरणाऱ्या, ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही अशा गरिबांची प्रेते कायदेशीरपणे विच्छेदनगृहाकडे वळविण्यात आली. काल जी खुनाची शिक्षा होती ती आज दारिद्र्याची शिक्षा झाली. 'हक्क न सांगितलेले' हा शब्दप्रयोगही तपासण्यासारखा आहे. हक्क सांगायचा तर पुरण्याचा खर्च उचलावा लागे. तो ज्यांना झेपत नसे ते दाराबाहेर उभे राहून रडत, आणि कागदोपत्री त्यांचा मृत निराधार ठरे.

त्याच वर्षी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम वारला. त्याने स्वखुशीने आपला देह विच्छेदनासाठी दिला होता, आणि उरलेला सांगाडा कपडे घालून कपाटात बसविण्याची व्यवस्थाही करून ठेवली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो अद्यापि बसलेला आहे. डोके तेवढे मेणाचे. बेंथॅमच्या धैर्याला दाद दिलीच पाहिजे. परंतु त्याने देह दिला. गरिबांचा घेतला गेला. दान आणि जप्ती यांतला हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

जाण्याचे तिकीट, परतीचे तिकीट

या कायद्यानंतर ब्रिटिश कामगाराला मरणापेक्षा मरणोत्तर बेअब्रूचे भय अधिक वाटू लागले. मूठभर धान्य कमी शिजवायचे, पण अंत्यविधीच्या विम्याचा आठवड्याचा पेनी चुकवायचा नाही, अशी रीत घरोघर पडली. पेनी गोळा करीत दारोदार हिंडणारे एजंट आले, कंपन्या आल्या, कंपन्यांच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. मुलांच्या मरणावर किती रकमेचा विमा उतरवावा यावरही संसदेला मर्यादा घालावी लागली. ती का घालावी लागली असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१८४३ साली एडविन चॅडविकने शहरांतील दफनांविषयी एक विस्तृत अहवाल सादर केला. कुटुंबाच्या शोकाचा फायदा घेऊन धंदेवाले कसे लुबाडतात, प्रेत पुरण्यासाठी पैसे जमेपर्यंत एका खोलीत राहणारी कामगार कुटुंबे त्याच खोलीत ते कसे ठेवून घेतात, हे त्याने मांडले. उपाय म्हणून दफनव्यवस्था सार्वजनिक मालकीची करावी असे सुचविले. आश्चर्य असे की संसदेने १८५० मध्ये लंडनपुरता तसा कायदा केलाही. कोळसा, रेल्वे आणि पोलाद यांच्या सुमारे शंभर वर्षे आधी इंग्लंडमध्ये राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झाला तो थडग्यांच्या बाबतीत! परंतु खाजगी दफनभूमींच्या कंपन्या, धंदेवाले आणि पैसे न सोडणारे अर्थखाते यांनी मिळून तो चालू दिला नाही. १८५२ मध्ये कायदा रद्द झाला. पुरता अंमलात येण्यापूर्वीच त्याचे दफन झाले, आणि तेही बिनखर्चाने.

पुढे सार्वजनिक योजनेच्या जागी खाजगी कंपनी आली. १८५४ पासून लंडनच्या वॉटर्लूहून ब्रुकवुडच्या दफनभूमीकडे मृतांची खास रेलगाडी धावू लागली. तिच्यात तीन वर्ग होते, मृतांसाठीही. पहिल्या वर्गाच्या शवपेटीला एक पौंड, दुसऱ्या वर्गाच्या पेटीला पाच शिलिंग, तिसऱ्याला अडीच शिलिंग. शोक करणाऱ्यांना परतीचे तिकीट आणि पेटीला फक्त जाण्याचे, एवढी व्यावहारिक दृष्टी कंपनीपाशी होती. हे भाडे बाहेरच्या रेल्वेभाड्यापेक्षा स्वस्त पडते हे ध्यानी आल्यावर त्या बाजूच्या मैदानावर गोल्फ खेळायला जाणारे सद्गृहस्थ शोकाकुलांचा वेष करून त्या गाडीने जाऊ लागले, अशीही कथा आहे. पहिल्या वर्गाच्या प्रेताला तिसऱ्या वर्गाच्या प्रेतापेक्षा कोणती अधिक सुखसोय होत असेल, हे सांगायला कोणीही प्रवासी परत आला नाही. १९४१ च्या बाँबहल्ल्यात स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही गाडी थांबली. जे संसदेला जमले नव्हते ते जर्मन विमानांनी केले.

वीस पौंडांची समाजसत्ता

बेव्हरिजच्या १९४२ च्या अहवालात पाळण्यापासून थडग्यापर्यंतच्या सुरक्षिततेची कल्पना होती, आणि थडग्याकडची बाजू अक्षरशः घेतलेली होती. मजूर सरकारच्या कायद्याने १९४९ पासून प्रत्येक विमेदार कुटुंबाला अंत्यविधीसाठी वीस पौंडांचे अनुदान मिळू लागले. दारावरच्या पेनीवाल्याला उत्तर मिळाले ते असे. गरिबाने मरताना लाजू नये याची जबाबदारी प्रथमच समाजाने घेतली.

परंतु अनुदान देणे सोपे आणि ते महागाईबरोबर वाढविणे कठीण. १९६७ मध्ये रक्कम तीस पौंड झाली आणि तेथेच थिजली. पुढची वीस वर्षे मजूर आणि हुजूर दोन्ही पक्षांनी तिला हात लावला नाही. १९८७ मध्ये ते अनुदान बंद झाले तेव्हा साध्या दफनाचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी वाढलेला होता. योजना कोणी मारली असे विचारले तर नाव थॅचरबाईंचे घ्यावे लागेल. पण तिला वीस वर्षे उपाशी ठेवण्यात मजूर पक्षाचाही वाटा होता. कल्याणकारी योजनेचा खून करावा लागत नाही. तिची रक्कम न वाढविली तरी पुरे.

याच काळातील आणखी एक प्रसंग. १९७९ च्या हिवाळ्यात लिव्हरपूलच्या दफनकामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. प्रेते एका रिकाम्या कारखान्यात साठू लागली आणि संप लांबलाच तर मृतांना समुद्रात सोडावे लागेल, अशी भाषा आरोग्याधिकाऱ्याने केली. देशभर संताप उसळला. मृतांची विटंबना होत आहे, असे वृत्तपत्रे ओरडली. ती होतच होती आणि नातलगांचे दुःखही खरे होते. पण हे खड्डे खणणारे हात किती पगारावर राबतात, हा प्रश्न तोवर एकाही अग्रलेखाने विचारला नव्हता. संप पंधरवड्यात मिटला. त्याचे भांडवल मात्र हुजूर पक्षाला मे महिन्याच्या निवडणुकीपर्यंत पुरले. कामगार चळवळीने यातून कटू असले तरी एक शिकले पाहिजे: मृताच्या दारात केलेला संप न्याय्य असला तरी जिंकता येत नाही. म्हणून तो करण्याची वेळ येण्यापूर्वीच त्या कामगारांचा प्रश्न इतरांनी हाती घ्यावा लागतो.

आपले स्मशान

हे सारे साहेबाचे झाले, आपल्याकडे पेटी नाही, थडगे नाही, दोन बांबू आणि एक मडके यांत काम भागते, असे समाधान येथे कोणी मानील. त्याने हरिश्चंद्राची कथा पुन्हा आठवावी. डोंबाच्या घरी राबणारा हा राजा स्मशानात पहारा करतो. तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते. जवळ कवडी नाही. आणि स्मशानाचा कर भरल्यावाचून अग्नी मिळणार नाही, असे हरिश्चंद्र प्रत्यक्ष आपल्या पत्नीला सांगतो. या कथेवर कीर्तने झाली, नाटके झाली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढला तोही हिच्यावर. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हरिश्चंद्राच्या सत्यनिष्ठेपुढे मान डोलावली. पण पोराच्या सरणावर कर मुळात का असावा, हा प्रश्न कोणत्याही कीर्तनकाराने विचारल्याचे ऐकिवात नाही. देवांनी रोहिदासाला जिवंत केले. कर तसाच राहिला.

आपल्याकडे रेल्वेचे तीन वर्ग नाहीत. त्याऐवजी जाती आहेत. मरणाची वर्दी घेऊन परगावी धावत जाणे, सरणाची लाकडे वाहणे, ही कामे गावगाड्याने महारांच्या माथी मारली होती आणि त्या बदल्यात मढ्यावरचे वस्त्र हा त्यांचा 'हक्क' ठरविला होता. ती महारकी १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याने कागदावर संपली. ज्यांनी सवर्णांची सरणे रचली, त्यांना मात्र त्या स्मशानात जळण्याची मुभा नव्हती. आजही अनेक गावांत जातीनिहाय स्मशाने आहेत. एकाला छप्पर आणि ओटा, तर दुसऱ्याला ओढ्याचा काठ. पावसाळ्यात हाताने पत्रे धरून चिता जाळणारी माणसे वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत दरवर्षी दिसतात. अस्पृश्यता जिवंत माणसापाशी तरी थोडी लाजते. प्रेतापाशी तिला लाजही वाटत नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत मुंबईच्या उपनगरातील खाण बंद पडते आणि बेकार झालेला भीमा चितांची राख चाळून सोन्याचे कण वेचू लागतो. पुढे तो पुरलेली मढी उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो आणि अखेर हाताची बोटे गमावून बसतो. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणून बोट दाखवायचे झाले तर भीमाकडे दाखविणे फार सोपे आहे. अण्णा भाऊंनी ते बंद पडलेल्या खाणीकडे दाखविले.

ना वस्तू, ना सेवा

सरकारचे काय? २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अंत्यविधी, दफन, दहन आणि प्रेतवाहतूक ही 'वस्तूही नव्हे आणि सेवाही नव्हे' असे नमूद आहे. म्हणून त्यांवर कर नाही. हरिश्चंद्राचे गाऱ्हाणे अखेर कोणीतरी ऐकले, असे म्हणावे, तोच जुलै २०२२ मध्ये स्मशानभूमी बांधण्याच्या कंत्राटांवरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे जळणे करमुक्त. जळण्याची जागा करपात्र!

घटनेच्या सातव्या अनुसूचीत दफन आणि दहन हा राज्यांचा विषय आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली तीत स्मशाने आणि विद्युतदाहिन्या आहेत. ग्रामपंचायतींसाठी जी अकरावी जोडली तिच्या एकोणतीस विषयांत स्मशान नाही. खेड्यातला मनुष्य मरत नाही, असा समज यामागे असावा, किंवा तो मरायला शहरातच येतो असा. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात हे काम आहे, हे खरे. पण त्याला लागणारा पैसा शोधायला गेलेला सरपंच बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला परततो.

२०२१ च्या साथीत या हेळसांडीचा हिशेब चुकता झाला. त्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईस एकाच रुग्णवाहिकेत बावीस प्रेते कोंबून स्मशानात नेली गेली. रुग्णवाहिका पुरेशा नाहीत, हे कारण देण्यात आले. सुरतेत अहोरात्र चाललेल्या दाहिन्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्या. उत्तरेत गंगेच्या पात्रात प्रेते तरंगली आणि वाळूत पुरली गेली, कारण सरणाची लाकडे गरिबाच्या आवाक्यापलीकडे गेली होती. आणि ज्या प्रेताला पोटचा मुलगा हात लावीना, त्याला अग्नी दिला तो रोजंदारीवरच्या स्मशान कामगाराने. त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. टाळ्यांवर कोणताही कर नाही, आणि त्यांतून घरभाडेही निघत नाही.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आश्रय अधिकार अभियानाच्या याचिकेवर बेघर मृतालाही सन्मानाने अखेरचा निरोप मिळण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. हक्क मान्य आहे. आता प्रश्न लाकूड, छप्पर, पाणी आणि मजुरी यांचा आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत चार साधे प्रश्न विचारावेत. गावात स्मशाने किती आणि का? सर्वांसाठी एकच का नाही? गरिबाच्या सरणाचा खर्च कोण देतो? तेथे राबणाऱ्याला किती वेतन मिळते? रस्ता, शाळा आणि पाणी यांच्या मागण्यांपुढे हा विषय क्षुद्र वाटेल. ज्याचे मत आता मिळणार नाही त्याच्यासाठी कशाला भांडायचे, असेही कोणी हळूच म्हणेल. पण ही मागणी मृताची नाही. घरात प्रेत ठेवून शेजाऱ्यापाशी उसने मागायला निघालेल्या जिवंत माणसाची ती आहे.

सम्राट जोसेफची समता वरून लादलेली होती म्हणून ती टिकली नाही; चॅडविकची कायद्यात होती, पण तिच्यामागे लोक नव्हते. तिसरा मार्ग ग्रामसभेतून जातो. मरण सर्वांना सारखे करणे कोणत्याही पक्षाच्या हाती नाही. वखारवाल्याशी हिशेब करण्याची पाळी तेवढी कुणावर येऊ नये, हे मात्र आहे.